शेर-पायलीपासून अंगणवाडीपर्यंत : घरचं काम आणि लेकरांचं शिकणं



आमच्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात दसरा-दिवाळी जवळ आली की गटांच्या बैठकीत एक वाद हमखास निघतो. ऊसतोडीचे कोयते गाव सोडायच्या तयारीला लागतात आणि घराघरात प्रश्न उभा राहतो. थोरलीला संगं न्यायचं का? फडावर आम्ही ऊस तोडणार, मग कोपीवर धाकट्याला कोण सांभाळणार, पाणी कोण भरणार? एखादी म्हणते, "कामातनंच शिकतंय लेकरू, त्यात काय बिघडलं?" तिला दुसरी लगेच उत्तर देते, "कामातनंच शिकलो म्हणून तर आपण अंगठा लावत बसलो." दोघींचंही खरं आहे, म्हणून वाद मिटत नाही.

हा वाद आपल्या गटापुरता नाही. आपल्या महाराष्ट्रात तो दीडशे वर्षं चालू आहे आणि त्यात थोरामोठ्यांनी डोकं घातलेलं आहे. आज आम्ही त्याचीच गोष्ट सांगणार आहोत.

सुरुवात आपल्या आज्यांच्या मापांपासून करू. किलो-लिटर येण्याआधी धान्य मापानं मोजायचे. दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे एक चिपटं, दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अधोली आणि दोन अधोल्या म्हणजे एक पायली. मापाचा आकार गावागणिक थोडा इकडंतिकडं व्हायचा, पण दुपटीचा हिशेब पक्का. आता बोटांवर मोजून बघा. एका पायलीत चिपटी होतात सोळा आणि निळवी होतात चौसष्ट. रुपयाचे आणेही सोळा आणि जुने पैसे चौसष्टच. म्हणजे जी पोर आईसंगं ज्वारी मापायला बसायची तिला पाव, अर्धा आणि पाऊण हे सगळं हातानंच उमगायचं. पुढं १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मग किलो आले आणि ही मापं हळूहळू माळ्यावर गेली.

त्याच काळात, म्हणजे सरकारी शाळा गावोगाव पोचायच्या आधी, पंतोजींच्या शाळेत पोरं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी घोकायची. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी म्हणजे अर्ध्याचा. शाळेत बसलेला भाऊ जे घोकत होता, तेच घरात बहीण चिपट्या-मापट्यांनी करत होती. दोघांचं गणित एकच, पण त्याच्या गणिताला 'शिक्षण' म्हणायचे आणि तिच्या गणिताला 'घरकाम'. शिवाय पंतोजींच्या त्या शाळेत मुळात मुली नव्हत्या आणि दलितांची पोरं तर दारातही नव्हती.

जात्याचंही तसंच. पहाटे आई दळायला बसली की समोर लेक बसायची. खुंट्याला हात लावता लावता ती ओव्या ऐकायची. नाती, देव, दुष्काळ, सासर-माहेर हे सगळं तिला तिथंच कळायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढं मोठं वाङ्मय ज्यांच्या तोंडी होतं, त्यातल्या बहुतेक बायांना स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं.

लिहिता न येण्याची किंमत काय असते, तेही इतिहासात नोंदलेलं आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जाचे कागद काढून जाळले आणि ते लोण आजूबाजूच्या गावांत पसरलं. शेतकऱ्याला आपल्या खळ्यावर किती पायल्या धान्य पडलं ते बिनचूक ठाऊक असायचं, पण रोख्यावर काय लिहिलंय ते वाचता यायचं नाही. पायलीचं गणित त्याला कागदापासून वाचवू शकलं नाही. कामातून येणारं ज्ञान खरं असतं, पण ते अक्षराला जोडलेलं नसेल तर दुसरा कुणीतरी त्याचा भाव ठरवतो. हे ध्यानात ठेवून पुढं जाऊ.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्याला पाठ आहे. पण १८८२ ची गोष्ट कमी सांगितली जाते. त्या वर्षी सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला होता. त्याच्यापुढं जोतीरावांनी लेखी निवेदन दिलं. गरीब शेतकऱ्याची पोरं शाळेत का टिकत नाहीत, याचं कारण त्यांनी सरळ सांगितलं. घरात दारिद्र्य आहे, आणि गुरं राखायला व शेत बघायला आई-बापाला पोरांची गरज लागते. यावर त्यांनी आई-बापांना दोष दिला नाही. शाळा वाढवा आणि अशा मुलांना शिष्यवृत्त्या नि बक्षिसं द्या, म्हणजे पोराला शाळेत धाडणं घराला परवडेल, असं त्यांनी सुचवलं. घरच्या कामाचं ओझं हा नुसत्या अडाणीपणाचा नाही, पोटाचा प्रश्न आहे, हे त्यांनी सरकारी कागदावर आणलं.

नंतरच्या काळात दुसराच पेच पडला. मुली शाळेत आल्या, तर त्यांना शिकवायचं काय? गोपाळ गणेश आगरकरांनी लिहिलं की मुलामुलींना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं. त्या काळी हे फार थोड्यांना पटलं. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ उभं केलं, मातृभाषेतून शिकवलं आणि अभ्यासात गृहशास्त्र व आरोग्य यांना जागा दिली. त्यामुळे हजारो बायांना उच्च शिक्षणाचं दार उघडलं. घरकाम हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे त्यातून मान्य झालं, ही मोठीच गोष्ट. पण पुढं बऱ्याच शाळांत स्वयंपाक आणि शिवण मुलींपुरतंच राहिलं. मुलाला त्याच तासाला सुतारकाम किंवा चित्रकला. घरकामात शिकण्यासारखं काही आहे हे कबूल केलं, पण ते मुलानंही शिकावं एवढं काही कुणाला वाटलं नाही.

आता थोडं लांब जाऊ, इटलीतल्या रोम शहरात. तिथं सान लोरेन्झो नावाची मजुरांची वस्ती होती. एका कंपनीनं तिथल्या जुन्या इमारती दुरुस्त करून मजुरांना राहायला दिल्या. आई-बाप दिवसभर कामावर असायचे, लहानगी पोरं जिन्यात हुंदडायची, नव्या भिंती खराब करायची. म्हणून कंपनीनं पोरांना एका खोलीत बसवायचं ठरवलं आणि डॉ. मारिया मॉन्टेसरी यांना बोलावलं. ६ जानेवारी १९०७ ला ते 'बालगृह' सुरू झालं. बाईंनी त्या पोरांना हात धुवायला, झाडायला, टेबल पुसायला आणि जेवण वाढायला शिकवलं. त्यासाठी लहान हातांना पेलतील अशा वस्तू ठेवल्या. पोरं खेळण्यांपेक्षा या खऱ्या कामांत जास्त रमतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. पाणी न सांडता ओतताना हात स्थिर होतो, नजर ठरते, आणि तोच हात उद्या पेन्सिल धरतो. या कामांना त्यांनी आपल्या पद्धतीत कायमची जागा दिली. ही पद्धत पुढं श्रीमंतांच्या शाळांत गेली हे खरं, पण ती जन्मली कामावर गेलेल्या आई-बापांच्या पोरांमध्ये.

ती आपल्याकडे कशी आली? गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढलं. तिथं आपल्या ताराबाई मोडक जाऊन मिळाल्या. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पण ताराबाईंना एक गोष्ट खटकत होती. ही बालमंदिरं शहरातली आणि साधनं महागडी. खेड्यातल्या पोराचं काय?

म्हणून १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं. बोर्डी हे समुद्राकाठचं गाव, तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघर जिल्ह्यात आहे. त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि थोड्याच महिन्यांत त्या विधवा झाल्या. तिथून शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. बोर्डीत बालवाडी उघडली, पण वस्तीवरची पोरं येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीवरच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. आज आपण ज्या शब्दानं आपल्या लेकराला धाडतो तो शब्द असा जन्माला आला. महागड्या साधनांऐवजी शंख, शिंपले, बिया, पानं, खडे आणि माती वापरली. पोरांना नुसतं बसवून अक्षरं शिकवली नाहीत. अंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं कापणं आणि जागा झाडणं यांपासून सुरुवात केली.

१९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेलं. मैत्रिणींनो, इथली गोष्ट आमच्या ऊसतोडीच्या बायांना सगळ्यात जवळची वाटते. मोठी पोरं शाळेत येत नव्हती, कारण धाकटी भावंडं त्यांच्या कडेवर होती. काही पोरं येत नव्हती, कारण ती रानात गुरं राखायला जायची. फुल्यांनी १८८२ मध्ये सांगितलेलं कारण पाऊणशे वर्षांनीही तसंच होतं. ताराबाई-अनुताईंनी काय केलं? पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिला 'विकासवाडी' म्हणायचे. कडेवरचं भावंड पाळणाघरात आणि थोरली शेजारच्या वर्गात. आणि गुरं राखणाऱ्यांसाठी मास्तरच कुरणात गेले. ती कुरणशाळा. गुरं चरतायत, पोरं झाडाखाली शिकतायत.

त्यांनी घरकामाला 'वाईट' म्हणून हाकललं नाही आणि 'यातच शिकतंय लेकरू' म्हणून सोडूनही दिलं नाही. कामाचा भार त्यांनी पोरीच्या कमरेवरून उतरवला आणि कामातलं शिकणं तेवढं ठेवलं. या कामाबद्दल ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. पुढं २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं.

दरम्यान वर्ध्यालाही एक मोठा प्रयोग चालला होता. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला महात्मा गांधींनी तिथं शिक्षण परिषद भरवली. मग डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं आराखडा केला : सात ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना सात वर्षं मोफत शिक्षण, मातृभाषेतून आणि हाताच्या उद्योगाच्या आधारानं. हीच नई तालीम. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्यानं ती चालवली. टकळीवर सूत काढायचं, मग तार मोजायचे, लांबी काढायची, वजन करायचं, किंमत लावायची. कापूस कुठं पिकतो ते विचारलं की भूगोल सुरू झाला. स्वयंपाकघर आणि सफाई हीसुद्धा शाळाच, आणि ती मुलगे-मुली दोघांची. या पद्धतीला समवाय म्हणत, म्हणजे एका कामाला सगळे विषय जोडणं.

त्यावर टीकाही झाली. पोरांच्या कमाईवर शाळा चालवायची म्हटलं तर शाळेचा कारखाना होईल, अशी शंका तेव्हाच घेतली गेली. ती शंका खोटी नव्हती. स्वातंत्र्यानंतर बऱ्याच शाळांत टकळी तासापुरती उरली, प्रश्न विचारणं गेलं. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं कार्यानुभव सुचवला. आपल्यापैकी कित्येकींनी शाळेत कार्यानुभवाच्या नावाखाली काड्यांची शोभेची वस्तू केलेली आठवत असेल, नाहीतर नुसतं अंगण झाडलेलं. प्रश्न गेला की कामातली शाळा संपते आणि नुसतं काम उरतं.

आता आजचं बघू. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक लेकराचा शाळेचा हक्क त्यात आहे. २०१६ साली बालकामगार कायदा बदलला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला मनाई झाली. घरच्या धंद्यात मदत करायची मुभा ठेवली, पण ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, शिक्षणाला धक्का न लावता आणि धोक्याचं काम नसेल तरच.

पण घरातलं काम कोण करतं? २०१९ साली केंद्र सरकारनं सहा वर्षांवरच्या माणसांचा वेळ कसा जातो याची पाहणी केली. घरात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका होत्या शंभरात ८१ आणि पुरुष शंभरात २६. जे करत होते त्यांचा रोजचा सरासरी वेळ बायकांचा २९९ मिनिटं आणि पुरुषांचा ९७ मिनिटं. म्हणजे आपले पाच तास. ही मोजणी सहाव्या वर्षापासूनची आहे हे विसरू नका. उद्या कुणी 'घरकामातून शिक्षण' असं म्हणालं आणि ते फक्त पोरींच्या वाट्याला आलं, तर तो जुनाच भार नव्या नावानं आला असं समजायचं.

या सगळ्या इतिहासातून आम्ही गटांमध्ये चार गोष्टी ठरवल्या आहेत. त्या तुमच्यापुढं ठेवतो.

पहिली : काम पोराला आणि पोरीला सारखं. भाकरी थापायला पोरगा आणि बाजारचा हिशेब करायला पोरगी. परातीतलं पीठ मळताना किती पिठाला किती पाणी हे त्यालाही कळू दे, आणि दुकानदाराकडून परत किती यायला पाहिजेत हे तिलाही.

दुसरी : काम थोडं, शाळेच्या वेळेबाहेर आणि लेकराच्या हाताला पेलणारं. तांब्या भरून आणणं वेगळं आणि डोक्यावर दोन हंडे वेगळे. भावाला अर्धा तास खेळवणं वेगळं आणि दिवसभर कडेवर घेऊन बसणं वेगळं.

तिसरी : कामासंगं एक प्रश्न आणि त्याचा एक कागद. गटाच्या पापडाचं पीठ तोलताना विचारा, अडीच किलोचे पापड किती झाले, मग एक किलोचे किती? पाण्याचा टँकर आला तर आपल्या घरी किती हंडे आले आणि ते किती दिवस पुरले, ते वहीत लिहायला सांगा. उत्तर चुकलं तर रागवू नका, परत मोजायला लावा. आपल्याला वाचता येत नसेल तर लेकराकडून वाचून घ्या. गटाचं पासबुक लेकीनं मोठ्यानं वाचलं तर त्यात तिचंही शिकणं आहे आणि आपलंही. सुप्याच्या शेतकऱ्याला जे मिळालं नाही ते हेच.

चौथी, आणि आमच्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाची : धाकट्याची सोय केल्याशिवाय थोरलीची शाळा होत नाही. ही कोसबाडची शिकवण. शिक्षण हक्काच्या कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. म्हणजे तिथं आपली जागा आहे, ती कुणाच्या मेहरबानीची नाही. कोयते निघायच्या आधीच्या बैठकीला जा. मागं राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी नावानिशी, आकड्यानिशी लेखी द्या आणि पोच घ्या. अंगणवाडी ताईंना विचारा, कोणती लेकरं मागं राहणार आणि कोणती फडावर जाणार, त्याची यादी करा. ती यादी लिहायचं काम गावातल्या सातवी-आठवीच्या पोरापोरींना द्या. गावाची मोजदाद करण्यासारखा चांगला गणिताचा धडा दुसरा नाही.

तेव्हा बैठकीत तो वाद पुन्हा निघाला तर दोन्ही बायांना आमचं एकच सांगणं आहे. कामातनं शिकतंय लेकरू, हे खरं. पण त्याच्या शेजारी कुणी प्रश्न विचारणारं असेल, हातात पाटी असेल आणि कमरेवर दुसरं लेकरू नसेल, तरच. या वर्षीच्या शाळा समितीच्या बैठकीची तारीख शाळेत विचारून ठेवा आणि आपल्या गटाच्या बैठकीत सगळ्यांना सांगा.